डायरीत शेरा आला : ‘उलट बोलते’

दंगा दोघांनी केला आणि अख्ख्या वर्गाचा खेळाचा तास बंद झाला. सातवीतल्या आमच्या लेकीनं विचारलं, “सगळ्यांना का?” संध्याकाळी डायरीत लाल शाईनं शेरा : उलट बोलते, पालकांनी सही करावी. तुमच्याही घरी अशी डायरी आली असेल, तर मोजून तीन वाटा आहेत. आमच्या घरात तिन्हींचे वकील होते.

आबांची वाट सगळ्यात स्वस्त. “लई शानी झालीस व्हय गं? उद्या सरांचे पाय धर.” पाच मिनिटांत विषय मिटतो. पण पोरगी एक हिशेब शिकते : घरी सांगितलं की आपल्यालाच बोलणी बसतात. उद्या रिक्षात, शिकवणीत काही वावगं घडलं, तर ती सांगेल का? मी आबांना म्हटलं, पंचगंगेवर स्नानाच्या वेळी भटजी वेदोक्त सोडून शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हणतोय हे कळल्यावर शाहू महाराजांनीही जाब विचारलाच होता की, १८९९ साली. आबा म्हणाले, “महाराज हुते ते. ही सातवीत हाय.”

नवऱ्याची वाट : गाडी काढायची, थेट मुख्याध्यापकांची केबिन. अंगावर हात टाकला असेल, जातीवरून किंवा शरीरावरून हिणवलं असेल, तर हीच वाट धरा आणि थांबू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं मारहाणीला आणि मानसिक छळाला बंदी आहे. तोंडी भांडू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. खेळाच्या तासासाठी मात्र ही तोफ मोठी. बापाच्या आवाजाचीच चर्चा होते, पोरीचा प्रश्न राहतो बाजूला. (पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं तर त्याहून वाईट. रात्री अकरापर्यंत तिथं सरांची बदलीसुद्धा झालेली असते.)

मी तिसरी निवडली, आणि ती वेळखाऊ आहे हे आधीच सांगते. तिला नेमकं काय बोललीस ते शब्दाला शब्द सांगायला लावलं. तेव्हा कळलं, सर फळ्यावर लिहीत असताना बाईसाहेब बाकावरूनच ओरडल्या होत्या. प्रश्न बरोबर, सूर चुकला. मग सहीच्या वर लिहिलं : ‘मध्येच ओरडल्याबद्दल ती माफी मागेल. तिचा प्रश्न मात्र मला रास्त वाटतो. मधल्या सुट्टीत तिचं ऐकून घ्याल का?’ बोलणं तिनंच करायचं, मी नाही. दोन दिवस आरशासमोर तालीम चालली होती.

नियमच बदलून हवा असेल आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. तिथं किमान ७५ टक्के सदस्य पालकच असतात.

आमचा तो तास काही परत मिळाला नाही. सर “बघू” म्हणाले. घरी येऊन ते तिनं आधी आबांना सांगितलं.