ओव्हरटाइमचा हिशेब ठेवणारे ॲप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी कामाचे तास नोंदवणारे एक ॲप वापरत आहे. याची सुरुवात शिस्तीतून नव्हे, रागातून झाली, हे आधीच सांगितलेले बरे. चोवीस तास चालू राहणाऱ्या संगणक-प्रणालींची देखभाल हे माझे काम. शिफ्ट कागदावर आठ तासांची असली तरी ती आठ तासांत संपल्याचे दिवस बोटांवर मोजण्याइतकेच, आणि महिनाअखेरीस टाइमशीट भरायला बसावे तर कोणत्या रात्री किती वाजता उठून काय दुरुस्त केले ते धड आठवत नाही. आठवत नसले की माणूस प्रत्येक रकान्यात आठाचा आकडा टाकून मोकळा होतो. मीही तेच करत होते. एका महिन्यात जादा तासांचा दावा ‘नोंद आढळली नाही’ असा शेरा मारून परत आला, त्या संध्याकाळी हे ॲप फोनवर घेतले. त्याचे नाव देत नाही, कारण पुढे जे दोष सांगणार आहे ते या प्रकारच्या कोणत्याही ॲपमध्ये तपासून पाहावेत असे आहेत.

वापर सोपा आहे. फोनच्या पहिल्याच पडद्यावर तीन बटणे ठेवता येतात : सुरू, विराम, समाप्त. प्रत्येक नोंदीला कामाचा प्रकार आणि एका ओळीची टीप जोडता येते. कार्यालयाच्या आवारात शिरताच नोंद आपोआप सुरू व्हावी अशीही सोय आहे. ती मी दोन दिवसांत बंद केली, कारण माझे निम्मे जादा काम घरूनच होते आणि तेच नेमके तिच्यातून निसटत होते. पहिल्या आठवड्यापूर्वी कोणी विचारले असते तर मी आठवड्याला ५० तास काम करते असे छातीठोकपणे सांगितले असते. ॲपने ५८ तास ४० मिनिटे दाखवली. शिफ्ट संपल्यावर ‘जरा एक मिनिट’ म्हणून घेतलेले फोन, सुट्टीच्या सकाळी वाचलेल्या ईमेल, अंथरुणातून दिलेली उत्तरे अशा चिंध्या जोडून हे जवळपास नऊ तास तयार झाले होते.

मात्र हा आकडा मिळण्याआधी सेटिंगमध्ये बरीच खुडबूड करावी लागली, आणि या ॲपबद्दलची माझी मुख्य तक्रार तिथेच आहे. ते जसे येते तसे वापरले तर वेळ जवळच्या १५ मिनिटांवर आणून मोजते. म्हणजे सात मिनिटांचे काम शून्य होते आणि आठ मिनिटांचे काम पंधरा. वरवर पाहता हा सौदा बरोबरीचा वाटतो, कारण कधी आपले जाईल तर कधी मिळेल. पण ऑन-कॉल असलेल्या, म्हणजे शिफ्टबाहेरही फोन आला की कामाला लागाव्या लागणाऱ्या माणसाचे काम या सरासरीत बसत नाही. माझ्या एका रात्रीच्या चार नोंदी ७, ५, ६ आणि ७ मिनिटांच्या होत्या. चार वेळा झोप मोडली, चार वेळा लॅपटॉप उघडला, आणि सकाळी ॲपच्या अहवालात त्या रात्रीसमोर शून्य होते. अचूक मिनिटे मोजण्याचा पर्याय उपलब्ध आहे, पण तो ‘अहवाल’ किंवा ‘नोंदी’ या सदरांत नसून ‘दर्शन’ नावाच्या सदरात, रंग आणि अक्षरांच्या आकाराखाली दडलेला आहे. तिथे तो कोणी शोधावा?

दुसरी अडचण मध्यरात्रीची. एका शुक्रवारी मी दुपारी २ वाजता काम सुरू केले आणि पहाटे ३ वाजता संपवले. सलग तेरा तास. रोजच्या आठ तासांच्या मर्यादेनुसार यात पाच तास ओव्हरटाइम धरायला हवा. ॲपने रात्री बाराच्या ठोक्याला नोंदीचे दोन तुकडे केले : शुक्रवारचे दहा तास आणि शनिवारचे तीन. शुक्रवारी जादा दोन तास दिसले, शनिवारचे तीन तास मर्यादेच्या आत असल्याने जादा शून्य, आणि पाचाचे दोन झाले. ‘सत्र ज्या दिवशी सुरू झाले त्या दिवसात मोजा’ असा पर्याय निवडला की ही चूक सुधारते. पण ज्यांची शिफ्ट मध्यरात्र ओलांडते त्यांनाच या ॲपची सर्वाधिक गरज असताना हा पर्याय मुळात बंद का ठेवावा, हे समजत नाही. सहा तासांपेक्षा लांब सत्रातून जेवणाचा अर्धा तास परस्पर कापण्याची सवयही त्यातलीच. मॉनिटरसमोर बसून जेवलेल्याला जेवणाची सुट्टी मिळाली असे गृहीत धरणे ही कार्यालयाची जुनी खोड आहे; ती ॲपनेही उचलावी, याचे वाईट वाटते.

१४ मे २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला की कर्मचाऱ्याच्या रोजच्या कामाची वेळ मोजणारी वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि सहज उपलब्ध अशी व्यवस्था मालकाने उभारलीच पाहिजे. माझे ॲप खाजगी असल्याने त्याला हा निकाल लागू नाही, पण कसोटी म्हणून ती तीन विशेषणे फार उपयोगी आहेत. सहज उपलब्धतेत ॲपला पैकीच्या पैकी गुण. विश्वासार्हता सेटिंग बदलल्यानंतर येते. वस्तुनिष्ठतेत ते थोडे मागे पडते, कारण जुनी नोंद कधीही बदलता येते आणि बदल केल्याची खूण अहवालात राहत नाही. तारखेसह बदलांचा इतिहास दाखवला असता तर माझ्या अहवालाला मॅनेजरसमोर अधिक वजन आले असते.

आता जे खरोखर आवडले त्याबद्दल. आठवड्याच्या आलेखावर आपल्याला हवी ती मर्यादारेषा आखता येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्ये आपल्या पहिल्याच करारात दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ही सीमा ठरवली होती. मी पहिली रेषा तिथे आखली. दुसरी रेषा ५५ तासांवर, कारण जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयरोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. पहिल्या तीन महिन्यांत माझे सात आठवडे या दुसऱ्या रेषेच्या वर गेले.

टिपांच्या सोयीचा मला आणखी एक अनपेक्षित उपयोग झाला. पूर्ण केलेले काम चूक निघून परत आले की मी मूळ नोंदीला ‘परत’ एवढाच शब्द जोडत गेले. चार महिन्यांनी त्या शब्दावर शोध घेतला, तर परत आलेल्या २३ कामांपैकी १६ कामे दिवसाच्या दहाव्या तासानंतर हातावेगळी केलेली होती. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासून जॉन पेनकावेल या अर्थतज्ज्ञाने २०१४ मध्ये मांडले होते की आठवड्याला ७० तास राबणाऱ्यांचे उत्पादन ५६ तास राबणाऱ्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. माझ्या २३ नोंदींनी काही सिद्ध होत नाही हे मान्य. पण मॅनेजरशी बोलताना मी थकव्याबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त ती यादी समोर ठेवली. मागच्या महिन्यांचे पैसे मिळाले नाहीत, कारण खाजगी नोंद हजेरीपटाच्या जागी ग्राह्य धरता येत नाही असे उत्तर आले. रात्रीची ऑन-कॉल पाळी मात्र दर तीन आठवड्यांऐवजी दर पाच आठवड्यांनी येऊ लागली आणि गेल्या दोन महिन्यांत मी ५५ची रेषा एकदाच ओलांडली.

एक उणीव मोठी आहे. दोन शिफ्टमध्ये किती तास विश्रांती मिळाली, हे ॲप दाखवत नाही. युरोपीय संघाच्या नियमांत रोज सलग अकरा तासांची विश्रांती सांगितलेली आहे. पहाटे ३ वाजता सुटून दुपारी १२ वाजता पुन्हा हजर होणाऱ्याला नऊच तास मिळतात, आणि हे गणित मला अजूनही कागदावर मांडावे लागते. सुरू आणि समाप्तीच्या वेळा ॲपकडे असताना एक वजाबाकी त्याला जड जाऊ नये.

सशुल्क आवृत्तीत पीडीएफ अहवाल आणि बॅकअप मिळतो. ऑन-कॉल काम असेल तर तेवढ्यासाठी ती घ्यावी. ठरलेल्या वेळेत येऊन जाणाऱ्यांना मोफत आवृत्ती पुरेशी आहे. मी वर्गणी पुढे चालू ठेवणार आहे. निर्मात्यांनी दरम्यान ‘विराम’ आणि ‘समाप्त’ ही बटणे एकमेकांपासून जरा दूर करावीत. पहाटे तीन वाजता झोपाळलेला अंगठा नेमका चुकीच्या बटणावर पडतो, आणि ‘रद्द करा’ ही पट्टी डोळे उघडून वाचेपर्यंत पडद्यावरून गेलेली असते.