फिरतीवर व्यायाम: सूर्यनमस्कार की रबरी पट्टा?

भाचा वडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिरात जातो. आता नोकरीत सुरत-अहमदाबादची फिरती लागली, तेव्हा सोबत रेझिस्टन्स बँड (ताणून व्यायाम करायचा रबरी पट्टा) घ्यावा की सूर्यनमस्कारांवर भागवावं, असं त्याने विचारलं.

सूर्यनमस्कारांना खर्च नाही. बँड काहीशे रुपयांचा, शिवाय रबर उन्हाने तडकतं. वडोद्याच्या मे महिन्यात गाडीत राहिला तर लवकर जातो. जागा दोन्हींना सतरंजीएवढी पुरते.

खरा फरक स्नायूंचा. नमस्काराच्या बारा स्थितींत छाती, खांदे, कंबर, मांड्या सगळं येतं, वेग वाढवला की दमही लागतो. पण ओढण्याची हालचाल त्यात जवळजवळ नाहीच, म्हणून पाठीचा वरचा भाग आणि दंडाचा पुढचा भाग मागे पडतो. पाय पसरून बसा, बँड तळव्यांना अडकवून पोटाकडे ओढा, ही उणीव भरून निघते. मात्र दर वेळी तो तपासा. चीर दिसली की टाकून द्या, तुटलेला पट्टा थेट तोंडावर येतो.

नमस्काराला पोट रिकामं हवं, बँडला तेवढं पथ्य नाही.

एक-दोन मुक्कामांना सूर्यनमस्कार पुरे. आठवडाभर बाहेर असाल किंवा मनगट दुखत असेल, तर बँड न्याच. भाच्याला मी दोन्ही सांगितलं: सकाळी नमस्कार, संध्याकाळी बँड.