जशास तसे, की पहिली चूक माफ?

कैद्यांचा पेच म्हणजे असा डाव: दोघांनी सहकार्य केले तर दोघांचेही बरे, पण एकट्याने दगा दिला तर त्याचा जास्त फायदा, आणि दोघांनी दिला तर दोघांचेही नुकसान. प्रश्न पुढचा आहे. रोज त्याच माणसाशी गाठ असेल तर ‘जशास तसे’ बरे, की लागोपाठ दोनदा दगा झाल्यावरच उलटायचे?

पहिल्याची कीर्ती मोठी. १९८०च्या सुमारास अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी हाच डाव परत परत खेळणाऱ्या प्रोग्रॅमची संगणकावर स्पर्धा घेतली. चौदा प्रवेशिकांत जिंकला अनातोल रापोपोर्ट यांचा सगळ्यांत छोटा प्रोग्रॅम: आधी सहकार्य, मग समोरच्याने गेल्या डावात केले तेच. पुढच्या स्पर्धेत ६२ आले, तरी पहिला तोच. मीही बरीच वर्षे याच नियमाचा.

बिनसले ते लोकलमध्ये. डोंबिवलीहून सुटणारी गाडी, दोघांत मिळून एक सीट. ज्याला मिळेल तो बसेल, घाटकोपर आले की उठेल. एके दिवशी मित्र उठलाच नाही. कानात इअरफोन, मान खिडकीकडे. हलवायचे सोडून मी मनात नोंद केली. दुसऱ्या दिवशी सीट मला मिळाली, घाटकोपरला मी मोबाइलमध्ये डोके घातले. त्यानेही बघून घेतले. मग जो बसेल तो सीएसएमटीपर्यंत बसलेला. दोन आठवडे! नंतर कळले, त्या दिवशी त्याला चक्क झोप लागली होती.

अ‍ॅक्सेलरॉडच्या डावात हे होत नव्हते, कारण प्रोग्रॅमला डुलकी लागत नाही. माणसांत लागते, आणि ‘जशास तसे’वाले दोघे समोरासमोर असले की एका डुलकीचे भांडण आपोआप थांबतच नाही. मला हेच खटकले.

दुसऱ्या नियमाचीही खोट सांगायला हवी. अ‍ॅक्सेलरॉडच्याच हिशेबाने पहिल्या स्पर्धेत तो उतरला असता तर जिंकला असता. पण दुसरीत जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी उतरवला तेव्हा चोविसावा आला. माफी मिळते हे ओळखून फायदा उपटणारे तिथे होते. डब्यातही असतात, विशेषतः चौथ्या सीटवर ‘जरा सरका’ म्हणत येणारे. तिथे जशास तसेच चालवा.

पण रोजच्या ग्रुपपुरते विचाराल तर मी, चुकत असेन कदाचित, दुसऱ्याकडे झुकतो. आमचे भांडण मिटले ते मित्र एकदा घाटकोपरला न बोलता उठला म्हणून. “बस,” म्हणाला, “गुडघा दुखतोय ना तुझा?”