टायरची हवा सांगणारा सेन्सर संच: सळईच्या गाड्यांना चालतो का?

जालन्याहून सळई भरून समृद्धीवर चढणाऱ्या दहाचाकी गाडीला हा संच घ्यावाच. प्रत्येक चाकाच्या वॉल्व्हवर टोपीसारखा सेन्सर बसतो आणि हवेचा आकडा केबिनमधल्या स्क्रीनवर दिसतो. जोडटायरमधला आतला बसला तरी बाहेरून कळत नाही. शेजारचा सगळं वजन पेलतो, तापतो, गाडीला जास्त डिझेल पाजतो आणि मे महिन्यातल्या काँक्रीटवर फुटतो.

आतल्या चाकाला एक्स्टेन्शन नळी (वॉल्व्ह बाहेरपर्यंत आणणारी) धातूचीच बसवा. रबरी नळी सेन्सरच्या वजनाने हलून वॉल्व्हपाशी गळते. बसवल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. पहाटे गार टायरमध्ये लोडप्रमाणे हवा भरून तोच आकडा संचात सेट करा, इशारा त्याच्या 15 टक्के खाली. दुपारी आकडा चढतोच, म्हणून हवा सोडू नका!

कटकट एवढीच, की हवा भरताना दर वेळी सेन्सरची टोपी काढावी लागते. ती घट्ट धरणाऱ्या लॉकनटाचा पाना केबिनमध्येच ठेवा.