बांधकाम परवानगी ते भोगवटा: नगरपरिषदेच्या सेवेचा वर्षभराहून जास्त अनुभव

घर बांधताना नगरपरिषदेला भरलेले पैसे नक्की कुठे वसूल झाले असं कुणी विचारलं, तर मी जोते तपासणीचं नाव घेईन, म्हणजे पायाचं काम जोत्यापर्यंत आल्यावर नगरपरिषदेचा अभियंता येऊन मापं घेतो ती. परवानगीचं नाही आणि भोगवट्याचंही नाही. आमचं घर तळमजला अधिक एक, स्वतःच्या प्लॉटवर, मध्यम आकाराच्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत. भोगवटा प्रमाणपत्र (बांधलेलं घर वापरण्याची परवानगी) हातात येऊन काही महिने झालेत, राग निवलाय, म्हणून आता लिहितोय. गावाचं नाव देत नाही. माणसं बरी होती, तक्रार पद्धतीबद्दल आहे.

आधी एक गोष्ट. दहा-पंधरा वर्षांपूर्वी घर बांधलेल्या नातेवाइकांचा सल्ला प्रेमाने ऐका आणि सोडून द्या. डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिका आणि काही मोजके वगळलेले भाग सोडून राज्यभर बांधकामाची एकच नियमावली लागू आहे, युडीसीपीआर. त्याआधी ठिकठिकाणचे नियम वेगळे होते. 'बाल्कनी कुठे मोजतात?' हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलं! आता बाल्कनी, जिना हे सगळं एफएसआयमध्ये (प्लॉटच्या प्रमाणात मिळणाऱ्या बांधकाम क्षेत्रात) धरतात आणि त्या बदल्यात निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे जादा, एफएसआय अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळतो. हे नीट कळलं नाही तर पुढे पैसे भरायचं चलन आल्यावर धक्का बसतो.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही, यादी तुमचा आर्किटेक्ट देईलच. फक्त मोजणी सगळ्यात आधी करून घ्या. भूमी अभिलेखची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात नसताना काढलेला नकाशा म्हणजे निव्वळ चित्र. मोजणीची तारीख मिळायला वेळ लागतो, आणि त्या काळात तुम्ही बाकी काहीही केलंत तरी फाइल पुढे सरकत नाही. एन.ए.बद्दलही (अकृषिक परवानगी) लोक उगाच घाबरतात. आमच्या वेळी अंतिम विकास आराखड्यात निवासी विभागात असलेल्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या ४२-ब कलमामुळे वेगळी अकृषिक परवानगी लागत नव्हती, रूपांतर कर आणि आकारणी भरून सनद (तसा सरकारी दाखला) घ्यायची असायची. आमचं तेवढ्यावर निभावलं.

आता पोर्टल. अर्ज घरबसल्या जातो, फी ऑनलाइन भरता येते, पावती लगेच मिळते, टेबलाटेबलावर फाइल शोधत फिरावं लागत नाही. ही सोय खरी आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण लॉगिन आर्किटेक्टचं. मालकाला मोबाइलवर एसएमएस येतो, 'आपल्या प्रस्तावात त्रुटी आढळली आहे', आणि त्रुटी काय ते कळायला आर्किटेक्टला फोन लावायचा. त्यात नकाशा आधी सॉफ्टवेअर तपासतं, मग माणूस. सॉफ्टवेअरला प्रत्येक रेषा ठरलेल्या लेयरवर हवी. प्लॉटची हद्द दाखवणारी रेषा एका कोपऱ्यात केसभर उघडी राहिली होती, तर प्लॉटचं क्षेत्रफळच मोजलं गेलं नाही आणि सगळा प्रस्ताव परत. हे एकवेळ परवडलं, निदान काय चुकलं ते यंत्र सांगतं. माणसाने लिहिलेला शेरा होता 'कागदपत्रे अपूर्ण'. कोणती? ते विचारायला नगररचना विभागात जावंच लागलं. तिथल्या रचना सहायकाने दोन मिनिटांत सांगितलं की सातबारावरचं नाव आणि खरेदीखतावरचं नाव यात वडिलांच्या नावाचा फरक आहे, प्रतिज्ञापत्र जोडा. तेच शेऱ्यात लिहिलं असतं तर?

या त्रुटींमागे एक गणित आहे, ते माहीत असलेलं बरं. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या ४५ व्या कलमानुसार ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. ऐकायला छान वाटतं. पण ते दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा त्यांनी मागितलेल्या माहितीचं उत्तर मिळाल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून मोजायचे. म्हणजे त्रुटी काढली की घड्याळ परत शून्यावर. एकेक करून त्रुटी का येतात हे मग आपोआप समजतं. शिवाय मानीव परवानगीलाही प्रस्ताव नियमात बसणारा असावा लागतो, आणि कोणती बँक नुसत्या मानीव परवानगीवर कर्जाचा हप्ता सोडेल? आमच्या बँकेने तर साफ नाही म्हटलं. म्हणून सगळ्या त्रुटी एकदम द्या असं लेखी मागा. आम्ही मागितल्यावर पुढची यादी एकत्र आली.

चलन. छाननी शुल्क, विकास शुल्क, अनुषंगिक एफएसआयचं अधिमूल्य, कामगार उपकर, सुरक्षा अनामत. उपकर बांधकाम खर्चाच्या १ टक्का. १९९६ च्या कायद्यात १० लाखांपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला त्यातून सूट होती, पण आमच्या वेळच्या दरात त्यात कोण बसणार! यातले बरेच आकडे रेडीरेकनरवरून (जमिनीच्या सरकारी दरांवरून) निघतात, त्यामुळे मार्चअखेरीला प्रस्ताव रेंगाळत असेल तर लक्ष ठेवा, एप्रिलमध्ये दर बदलू शकतात. टेबलाखालून कुणी काही मागितलं का, हे हमखास विचारतात. आमच्याकडे नाही मागितलं. 'एजंटमार्फत या, लवकर होईल' असं मात्र कार्यालयाच्या दारातच ऐकायला मिळालं, कर्मचाऱ्यांकडून नव्हे, बाहेर उभ्या असलेल्या लोकांकडून.

प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करायची परवानगी) आलं आणि खोदाई सुरू झाली. जोत्यापर्यंत काम आल्यावर आर्किटेक्टने सूचना दिली आणि काही दिवसांनी कनिष्ठ अभियंता आले. मला वाटलं होतं फोटो काढतील, सही करतील, जातील. त्यांनी पहिल्यांदा मागच्या कोपऱ्यातला मुरुमाचा ढीग बाजूला करायला लावला. हद्दीचा दगड दिसला पाहिजे म्हणाले. आमचा ठेकेदार तोवर शेजाऱ्यांच्या जुन्या कंपाउंडपासून मापं धरत होता, आणि ती भिंत दगडाच्या रेषेत नव्हती, वीतभर पलीकडे होती. अभियंत्यांनी टेपचं टोक दगडावर धरायला लावलं, मंजूर नकाशा जोत्यावरच पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून चार विटा ठेवल्या आणि एकेक सामासिक अंतर (हद्दीपासून बांधकामापर्यंतची मोकळी जागा) मोजून पेनाने टिक करत गेले. कॉलम जागेवर होते. पण मागच्या बाजूला दीड मीटर मोकळी जागा हवी तिथे ठेकेदाराने धुण्याच्या मोरीसाठी जोतं थोडं बाहेर काढलं होतं. नकाशात ते नव्हतं. ठेकेदार म्हणाला, "साहेब, नुसता ओटा आहे हो." अभियंते म्हणाले, "आज ओटा आहे. वर भिंत येणार, मग पत्रा, मग भोगवट्याच्या वेळी मीच वाईट." ब्रेकरने अर्ध्या दिवसात तेवढा भाग काढला, फोटो पाठवले आणि जोते प्रमाणपत्र आलं. भिंत उभी राहिल्यावर हेच निघालं असतं तर केवढ्याला पडलं असतं, याचा हिशेब ठेकेदाराने स्वतःच करून दाखवला.

या प्रमाणपत्राचा आणखी एक फायदा फार जणांना माहीत नसतो. परवानगीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, तेही एकूण चार वर्षांपर्यंतच. मात्र मुदतीत काम जोत्यापर्यंत आलेलं असेल तर नूतनीकरणाची गरज राहत नाही. पैशांअभावी पुढे काम थांबलं तर हाच कागद उपयोगी पडतो. तो येण्याआधी वरचे कॉलम चढवायची घाई ठेकेदार करतोच, मजूर बसून राहतात हे त्याचंही खरं, पण ऐकू नका.

मला खटकलेली सगळ्यात मोठी गोष्ट यापुढची आहे. जोत्यानंतर थेट भोगवट्यापर्यंत आमच्याकडे नगरपरिषदेचं कुणीही फिरकलं नाही. स्लॅबची सळई, काँक्रीट, क्युरिंग, यातलं काहीही त्यांनी पाहिलं नाही. त्याची जबाबदारी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या दाखल्यावर. 'नगरपरिषदेने पास केलंय म्हणजे घर मजबूत आहे' अशी समजूत सर्रास आहे आणि ती चुकीची आहे. ते पाहतात जागा, अंतरं, उंची, क्षेत्रफळ, वापर. मजबुतीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी साइटवर आणा, त्याची वेगळी फी पडली तरी द्या. आमच्याकडे त्याने एका बीमच्या रिंगांचं अंतर कमी करायला लावलं, ठेकेदाराचं तोंड वाकडं झालं, पण बदल झाला.

भोगवट्याचा अनुभव ना चांगला ना वाईट. पूर्णत्वाचा दाखला, ड्रेनेजचा कागद, झाडांचे फोटो, स्ट्रक्चरल दाखला असं सगळं गेलं. पाहणीला आलेल्यांनी पार्किंग आणि गच्ची नीट पाहिली. आतली एक भिंत आम्ही सरकवली होती, त्याचं काही झालं नाही. एफएसआय किंवा दुसरा नियम न मोडणारे घरातले अंतर्गत बदल चालतात, पूर्णत्वाच्या नकाशात दाखवायचे एवढंच. मग फाइल सहीसाठी अडकली. अधिकाऱ्यांची बदली झाली होती, नवे रुजू व्हायचे होते. तेव्हा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ कामाला आला. या कायद्यात अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते, ती उलटली की पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग, आणि कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आम्ही पहिलं अपील टाकलं. सुनावणीची वेळच आली नाही, त्याआधीच प्रमाणपत्र पोर्टलवर दिसलं.

भोगवटा आहे म्हणून घरपट्टीत शास्ती (दंड) लागली नाही आणि नळजोडणी नियमित दराने मिळाली. सुरक्षा अनामत परत मिळण्याचा अर्ज मात्र अजून लेखा विभागात आहे. मूळ पावती मागतात. आमची पावती ऑनलाइन निघालेली, तिची 'मूळ' प्रत म्हणजे काय ते त्यांनाही सांगता येत नाहीये. तुमच्या नगरपरिषदेत अशी अनामत परत मिळाली असेल तर तेव्हा काय जोडलं होतं, तेवढं सांगा.