आभार, राग, शुभेच्छा: जपानीत कोणती रचना कुठे?

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-१ या सर्वांत वरच्या पातळीसाठी भावनेची तीव्रता दाखवणाऱ्या रचना एकगठ्ठा पाठ केल्या जातात. वहीत सगळ्यांपुढे अर्थ एकच: 'खूप, अतिशय'. परीक्षेपुरतं कसंबसं निभावतं. जपानी साहेबांच्या निरोपसमारंभात बोलायला उभं राहिलं, की पंचाईत होते.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती 'नि ताएनाइ' आणि 'ओ किन्जिएनाइ' यांची. दोन्ही नामाला लागतात, दोन्ही भारदस्त. पण 'कान्शा (आभार) नि ताएमासेन' म्हणणारा समोरच्याचे आभार मानतो; 'ताएमासेन' हे 'ताएनाइ'चंच आदरार्थी रूप. मानावे तितके थोडेच, असा त्याचा सूर. 'किन्जिएनाइ'मध्ये घडलेलं पाहून भावना आवरत नाही: राग, सहानुभूती, अश्रू, आश्चर्य. 'इकारी ओ किन्जिएनाइ', म्हणजे राग आवरत नाही, हे वर्तमानपत्रात शोभतं. जेवणाच्या टेबलावर कोणी असं बोलू लागलं तर बाकीचे हसतील. आभाराला ही रचना घेऊ नका. 'ताएनाइ'चीही एक खोच आहे. ती क्रियापदाला लागली की बहुधा नापसंतीच येते: 'किकु नि ताएनाइ', म्हणजे ऐकवत नाही. भाषणाचं कौतुक करायला गेलात आणि हे बोललात, तर संपलंच.

'ते यामानाइ' दीर्घकाळ टिकणाऱ्या भावनेसाठी. इच्छा, प्रार्थना, प्रेम चालतं. दचकणं किंवा क्षणभराचा आनंद चालत नाही. 'नो इतारी' मोजक्याच नामांना लागते. सन्मान स्वीकारताना 'कोएइ नो इतारी देसु', म्हणजे हा माझा मोठा सन्मान, चपखल बसतं, पण 'वाकागे नो इतारी' म्हणजे तरुणपणीचा अविचार, तिथे सन्मानाचा संबंध नाही.

'किवामारिनाइ' बहुतेकदा वाईटच गोष्टीला लागते: 'शित्सुरेइ किवामारिनाइ', उद्धटपणाची हद्द. ग्राहकाच्या मेलला उत्तर देताना तिच्या वाटेला जाऊ नये. 'ते तामारानाइ', म्हणजे भावना अगदी असह्य होणं, मित्रांत बोलायची.

नवख्याला माझ्या मते 'कागिरी देसु' सगळ्यात सुरक्षित. 'उरेशी कागिरी देसु', म्हणजे खूप आनंद झाला, असं म्हटलं की स्वतःचा आनंद नीट पोचतो आणि फार जडही वाटत नाही. मात्र ती स्वतःच्याच भावनेसाठी. दुसऱ्याला आनंद झाला हे सांगायला नाही.

निरोपाच्या भाषणात आभाराला 'ताएमासेन' आणि शेवटच्या शुभेच्छेला 'नेगात्ते यामिमासेन' ('यामानाइ'चं आदरार्थी रूप; मनापासून इच्छितो) घ्या. रोजच्या मेलमध्ये यातलं काहीच नको. 'कोकोरो योरि कान्शा मोशिआगेमासु', म्हणजे मनापासून आभार, पुरेसं आहे.