खिडकी खोलीला की व्हरांड्याला? शहरातल्या संगीतशाळेचे दोन नकाशे

भर शहरात संगीतशाळा बांधायची तर जागा बेताचीच मिळते. इमारत चार-पाच मजले वर चढते आणि प्रत्येक मजल्यावर रियाजाच्या खोल्यांची रांग लागते. अशा वेळी समितीपुढे सहसा दोन नकाशे येतात. पहिल्यात मधून व्हरांडा आणि दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक खोलीला रस्त्याकडे खिडकी. दुसऱ्यात नेमकं उलटं: खोल्या पोटात, पाठीला पाठ लावून, आणि व्हरांडा बाहेरच्या काचेलगत.

बैठकीत मात्र तासभर बोलणं होतं ते सभागृहावर. खुर्च्या किती, पडदा कुठला, लाकूड कोणतं. सभागृह आठवड्यातून दोन-चारदा उघडतं आणि खोल्या सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत भरलेल्या असतात. म्हणून इथे सभागृहाचं नाव काढत नाही.

पहिला नकाशा आपल्या ओळखीचा. शाळा, वसतिगृहं, कचेऱ्या याच साच्यातल्या. मुलांनाही तोच आवडतो, कारण चार तास एकच तान घोटताना बाहेरचं झाड दिसलं तर जिवाला बरं वाटतं. जागाही कमी लागते. खोल्या 4 मीटर खोल आणि व्हरांडा 2 मीटर रुंद धरला, तर दोन्ही बाजू मिळून इमारत 10 मीटर रुंद होते आणि त्यातला पाचवा हिस्सा चालण्यासाठी जातो. दुसऱ्या नकाशात त्याच खोल्यांना दोन व्हरांडे लागतात, रुंदी 12 मीटर होते आणि चालण्याचा वाटा तिसऱ्या हिश्शावर जातो. भिंतींची जाडी यात धरलेली नाही. जागेचा हिशेब एवढाच असता तर निकाल इथेच लागला असता.

पण खिडकी ही आवाजाच्या दृष्टीने भिंतीतली सगळ्यात कच्ची जागा. तिला दोन काचा बसवाव्या लागतात, आणि गाड्यांची खालच्या पट्टीतली घरघर अडवायची तर दोन काचांमध्ये वीतभर तरी पोकळी हवी. एवढं करून ती घट्ट बंदच ठेवायची. उघडली की रस्ता आत आणि ट्रम्पेट बाहेर. म्हणजे झाड दिसतं, वारा येत नाही, आणि हवा यंत्रानेच आणावी लागते. शिवाय दुपारचं ऊन थेट पियानोवर पडतं. पियानोला आर्द्रता साधारण 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान स्थिर लागते. रोज तापून रोज निवणाऱ्या खोलीत तो सुरात राहत नाही, आणि सूर लावणाऱ्याच्या फेऱ्या वाढत जातात.

दुसऱ्या नकाशाचं ठळक उदाहरण म्हणजे अॅमस्टरडॅमचं कॉन्झर्व्हेटोरियम, म्हणजे तिथली संगीतशाळा. फ्रिट्स व्हॅन डोंगेन यांनी आराखडलेली ही इमारत 2008 साली मध्यवर्ती रेल्वे स्थानकाच्या शेजारी उभी राहिली. तिची कल्पना जपानी घराच्या ‘एंगावा’वरून घेतली आहे. एंगावा म्हणजे जवळपास आपली पडवीच. वावर बाहेरच्या काचेलगत आणि वर्ग आत. शहराचा आवाज आधी बाहेरच्या काचेला अडतो, मग व्हरांड्याची हवा ओलांडतो आणि मग खोलीच्या भिंतीला भिडतो. पहिल्या नकाशात वीतभर पोकळी मिळवायला धडपड होते, इथे दोन मीटर आपोआप मिळते. ऊनही व्हरांड्यातच मुक्काम करतं.

दुसरा फायदा नकाशात दिसत नाही. पहिल्या इमारतीतला मधला व्हरांडा म्हणजे ट्यूबलाइटचा बोळ. तिथे कोणी रेंगाळत नाही. व्हरांडा उजेडात आला की तोच शाळेचा चौक होतो. परीक्षेच्या दिवशी व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसलेली मुलगी, शेजारी नोटेशन चाळणारा तिचा साथीदार, आणि आतून अर्धवट ऐकू येणारा दुसऱ्या कुणाचा तोच तुकडा. संगीताचं निम्मं शिक्षण असं दाराबाहेर बसून होतं, असं माझं मत आहे.

आता या नकाशाची खोट. पहिल्यात खोलीला त्याच मजल्यावर दोनच शेजारी: डावा आणि उजवा. समोरचा व्हरांड्यापलीकडे. दुसऱ्यात पाठीला पाठ लागल्याने तिसरा शेजारी येतो. आवाज रोखणं मुख्यतः वजनाचं काम आहे. भिंतीचं वजन दुप्पट केलं की फार तर 6 डेसिबल जास्त अडतात, त्यामुळे एकच भिंत जाड करत जाणं परवडत नाही. दोन सुट्या भिंती आणि मध्ये पोकळी, हाच उपाय. त्यातही शहाणपण असं, की पाठीची ती पोकळी मीटरभर रुंद करून तिथेच हवेचे डक्ट, वायरिंग आणि वाद्यांची कपाटं घालावीत. जागा आणखी जाते, पण तिसरा शेजारी गप्प होतो.

तिसरी वाटही आहे. टोकियोजवळ चोफूला तोहो गाकुएन संगीतशाळेच्या इमारतीत (2014, आराखडा निक्केन सेक्केई या कंपनीचा) खोल्या एकमेकींना चिकटवल्याच नाहीत. त्या सुट्या ठेवून मधल्या फटींतून वाट आणि उजेड नेला. दिसायला सुरेख, पण त्याला ऐसपैस जागा लागते. सिडनीच्या कॉन्झर्व्हेटोरियमने उलटी वाट धरली. फ्रान्सिस ग्रीनवे यांनी 1817 ते 1821 या काळात गव्हर्नरसाठी बांधलेल्या तबेल्यात ती शाळा भरते, आणि 2001 साली पूर्ण झालेल्या वाढीव बांधकामाचा मोठा भाग जमिनीखाली घातला गेला. जुनी वास्तू झाकायची नसेल तर हे समजण्यासारखं आहे. निव्वळ जागेसाठी कोणी तळघर सुचवत असेल तर मी दोनदा विचार करेन, कारण जमिनीतून येणारी धडधड काच बसवून थांबत नाही. तिथे आख्खी खोली रबराच्या ठोकळ्यांवर उचलून धरावी लागते.

तशी ती वरच्या मजल्यांवरही उचलावीच लागते, नकाशा कोणताही असो. खोलीच्या आत सुटी खोली: तरंगती फरशी, टांगलेलं छत, मूळ भिंतीला न टेकणाऱ्या भिंती. 10 सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची फरशी चौरस मीटरला सुमारे 240 किलो भरते. जुनी इमारत घेऊन तिचीच शाळा करायचा बेत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला हा आकडा सांगा. छत आणि फरशी मिळून हातभर उंची खातात तेही सांगा.

खोलीचा आकार हा दोन्ही नकाशांना लागू असलेला, आणि दोन्हींत दुर्लक्षित राहणारा मुद्दा. संख्या वाढवायला खोल्या चिमुकल्या केल्या जातात. कडक भिंतींच्या छोट्या खोलीत ट्रम्पेट सहज 100 डेसिबलच्या वर जातो, आणि अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या मर्यादेनुसार तेवढा आवाज कानांनी दिवसात 15 मिनिटंच सोसावा. शिवाय 3 मीटरचा सरळ चौकोनी ठोकळा केला तर तिन्ही दिशांनी 57 हर्ट्झच्या आसपासचा एकच सूर घुमतो. डबल बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याची ए तार 55 हर्ट्झची, म्हणजे ते वाजवणारा बिचारा दर वेळी तिथेच अडखळणार. लांबी, रुंदी, उंची वेगवेगळी ठेवा, एखादी भिंत किंचित तिरकी करा.

मग कोणता घ्यावा? रस्ता शांत, प्लॉट अरुंद आणि शिकणारे बहुतेक हौशी, दिवसाला तासभर येणारे असतील तर पहिला. समोरासमोरची दारं मात्र एका रेषेत येऊ देऊ नका. रेल्वे, पूल किंवा मोठा चौक शेजारी असेल आणि विद्यार्थी दिवसभर इमारतीत राहणार असतील तर मी दुसऱ्याच्या बाजूने, जास्तीच्या जागेसकट. त्यात एक अट घालेन: प्रत्येक खोलीला व्हरांड्याकडे काच हवी, म्हणजे दोन काचांआडून का होईना आभाळ दिसेल.

सही करण्यापूर्वी आर्किटेक्टकडून दाराचा आणि डक्टचा छेद, म्हणजे उभा कापून दाखवलेला नकाशा, मागून घ्या. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या 1 टक्का जागा उघडी राहिली तर भिंत कितीही भारी असो, 20 डेसिबलच्या पुढे काही अडत नाही. दाराखालची बोटभर फट त्याहून लहान असली तरी भारी भिंतीची बरीच मेहनत वाया घालवते. नमुन्याची एक खोली आधी बांधून घ्या. रात्री व्हरांड्यातले दिवे घालवा, खोलीत दिवा लावून दार ओढा आणि बाहेर उकिडवे बसून उंबरठ्याकडे बघा. उजेडाची रेघ दिसली तर कंत्राटदाराला तिथेच बोलवा.